फेणेच्या हातात बंदूक

माझ्या लॅपटॉपवर एक व्हिडिओ गेम आहे, तो मी कुणाला देत नाही. त्यात फास्टर फेणे माजरी जंक्शनला उतरतो, सायकल काढतो आणि वेकोलिच्या खुल्या खाणीतून कोळसा पळवणाऱ्या टोळीच्या मागे लागतो. गोडो नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर दोन पावसाळे घालवून मी तो केला. ओबीचे ढिगारे, डंपरांची रांग, ब्लास्टिंगआधीचा भोंगा, सायडिंगला उभी मालगाडी, हे सगळं इथलं. फेणे तेवढा भा. रा. भागवतांचा. विचारलं मात्र कुणालाच नाही.

पहिल्यांदा भाच्याला खेळायला दिला. चौथ्यांदा टोळीच्या हाती सापडल्यावर तो वैतागला.

"मामा, तुमचा फेणे हर वेळी पकडल्या जाते. त्याले एक बंदूक द्या न."

"फेणे बंदूक चालवत नाही."

"कोन म्हनते?"

"भागवत."

"मंग फेणेच त्यायचा हाय न? तुमी त्याले माजरीत कसे आनले?"

बारा वर्षांच्या पोराला मला उत्तर देता आलं नाही.

कायद्याचं उत्तर सोपं आहे. भागवत २००१ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो, म्हणजे २०६१ संपेपर्यंत. तोवर मी बहुधा नसेन. पण परवानगी हा एक प्रश्न आणि पात्राशी इमान हा दुसरा. २०१७ च्या सिनेमात रीतसर फेणे आला. तो मोठा झालेला, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला, हातात मोबाइल. खुद्द भागवतच त्यात एक पात्र होऊन दिलीप प्रभावळकरांच्या रूपात भेटतात. मला तो सिनेमा आवडला. तरी पुस्तकातल्या फेणेच्या जवळ कोण, तो की माझा चोरटा फेणे, असं विचारलंत तर मी माझ्याच बाजूने बोलेन. (प्रत्येक चाहत्याला असंच वाटतं, हेही कळतं.)

इथून पूर्वेला झाडीपट्टीत पात्र उसनं घ्यायला कुणी बिचकत नाही. दंडारीत पुराणातले राजे-राक्षस झाडीबोलीत बोलतात, मध्येच गावातल्या भानगडीवर टोमणा मारतात आणि लोक पोट धरून हसतात. तिथे हे खपतं, मग माझं का नाही? बरेच दिवस मी याच युक्तिवादावर झोपत होतो. पण रावण हजारो तोंडांतून आलेला आहे. एखाद्याने त्याला बिघडवला तरी दुसऱ्या गावात तो शाबूत असतो. फेणे एकाच हातून आला. आणि मराठी मुलं त्याला आता जिथे भेटतात अशा जागा मुळात थोड्या. त्यात एका गेममध्ये तो गोळ्या झाडताना दिसला, तर काही पोरांसाठी तोच फेणे.

गेमची आणखी एक अडचण आहे. पुस्तकात फेणे काय करणार हे भागवत ठरवतात, आपण मागे धावतो. गेममध्ये तो खेळणाऱ्याच्या बोटांवर असतो. बंदूक ठेवली की ती कुणीतरी चालवणारच, आणि दोष फेणेला लागणार.

बाहेरच्या जगात हे भांडण जुनं आहे. १९९१ च्या 'मेट्रॉइड २' या गेमचा नवा अवतार एका अर्जेंटिनी चाहत्याने कित्येक वर्षं खपून केला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तो फुकट वाटायला काढला आणि काही दिवसांतच निंटेंडोने तो उतरवायला लावला. पुढच्या वर्षी कंपनीने त्याच गेमचा आपला नवा अवतार आणला. त्याच वर्षी सेगाने मात्र सॉनिकच्या चाहत्यांनाच हाताशी धरून 'सॉनिक मेनिया' काढला. मला दोन्ही कंपन्यांचा हिशेब कळतो. त्या चाहत्याचं काय चुकलं होतं, ते अजून नीट सांगता येत नाही.

भागवतांनी स्वतः ज्यूल व्हर्नला मराठीत आणलं. दुसऱ्याच्या गोष्टीला घर देणं त्यांना परकं नव्हतं. त्यांनी माझा गेम हसून पाहिला असता असं मी मनाशी म्हणतो. मेलेल्या माणसाच्या तोंडून परवानगी वदवून घेणं फार सोयीचं असतं.

शेवटी मी एक करून पाहिलं. फेणेचं नाव काढलं, 'ट्टॉक्' काढलं, पोराचं नाव बबन ठेवलं. बाकी एक ओळही बदलली नाही. कॉलनीतल्या तीन मुलांना खेळायला दिलं. डंपरांच्या भागात ती ओरडली, भोंगा वाजल्यावर पळाली. पण बबन पकडला गेला तेव्हा एकानेही "अरेरे" म्हटलं नाही. फेणेच्या वेळी भाचा वैतागला होता, कारण त्याने सिनेमा तीनदा पाहिला होता. मी उसनं घेतलं होतं ते उंच, किडकिडीत पोरगं नव्हतंच. त्याच्याबद्दलची माया घेतली होती. ती जमवायला भागवतांना वर्षं लागली, आणि मी ती पहिल्या स्क्रीनवर नाव लिहून मिळवली. भोंगा आणि डंपर मात्र आमचे निघाले. नाव गेल्यावरही ते उभे राहिले, याचा मला थोडा गर्व झाला.

ती माया फक्त भागवतांची, असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. तिच्यात माझी शाळेतली लायब्ररीची दुपारही आहे. म्हणून फेणेवाला गेम मी पुसलेला नाही. रात्री कधी तरी एकटा खेळतो.

बबनचा गेम भाच्याने पेनड्राइव्हवर नेला. आठ दिवसांनी परत आणला, तेव्हा बबनच्या हातात बंदूक होती.

"याले तं चालते न?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो.