ठिपका आणि साक्षी

शंभर मैलांच्या घोडेस्वारीच्या शर्यतीत कोण कुठवर पोचलं, हे कळवण्यासाठी अमेरिकी हौशी रेडिओचालक बॉब ब्रुनिंगा यांनी १९८४ साली व्हिक-२० हा घरगुती संगणक कामाला लावला. अशा प्रयोगांतून पुढे एपीआरएस ही रेडिओवरून ठिकाण कळवण्याची पद्धत उभी राहिली.

गाडीतला संच जीपीएसकडून अक्षांश-रेखांश घेतो, त्याला चालकाचं सांकेतिक नाव जोडतो आणि क्षणभराची खरखर हवेत सोडतो. उत्तर अमेरिकेत १४४.३९० मेगाहर्ट्‌झवर. डोंगरावरचं केंद्र ती पुन्हा प्रक्षेपित करतं, नकाशावर ठिपका सरकतो. ठिकाणाच्या या संदेशाची पोच मात्र कुणी देत नाही.

मग कुणी ऐकलंच नाही तर गाडी तिथे होती असं म्हणायचं का?

अठराव्या शतकातले आयरिश बिशप जॉर्ज बर्कली यांच्या मते वस्तूचं असणं म्हणजे तिचं जाणलं जाणं. माणसांची पाठ वळली तरी ईश्वर पाहतोच, म्हणून जग टिकतं. अद्वैत वेदान्तातला साक्षी बाहेरून पाळत ठेवत नाही, तो जाणिवेचाच प्रकाश. नकाशाला यांपैकी कुणाचीच सर नाही. गाडी बोगद्यातून धावत असते, ठिपका तोंडाशीच खिळलेला.

शिवाय इथे दिसायचं की नाही, हे चालक ठरवतो. सर्वसाक्षी देवापुढे ती सोय नाही.

एपीआरएस ही निव्वळ गाड्यांवर नजर ठेवायची यंत्रणा नव्हे, असं ब्रुनिंगा आवर्जून सांगत. त्यांना हवी होती परिसरातली दुतर्फा देवाणघेवाण. म्हणून त्याच वाटेने हवामानाची माहिती जाते, छोटे निरोपही जातात. आणि नावानिशी धाडलेल्या निरोपाची पोच समोरचा संच आपणहून देतो.