मालक बदलून काय होणार?

२०२५च्या सप्टेंबरअखेर ‘अरट्टई’ची लाट आली. केंद्रीय मंत्र्यांनी आवाहन केलं आणि बघता बघता झोहो या भारतीय कंपनीचं हे संदेशवहनाचं अ‍ॅप मराठी घरांतही पोचलं. अ‍ॅप देशी झालं की आपण स्वतंत्र झालो, असं तेव्हापासून चांगली जाणती माणसंही सांगू लागली आहेत. हे म्हणणं मला मुळातच मान्य नाही. ट्विटरसारखं ‘कू’ही देशीच होतं. बेंगळुरूत जन्मलं, मराठीतही चाललं आणि जुलै २०२४ मध्ये बंद पडलं. तिथे वर्षानुवर्षं लिहून जमवलेला वाचक कुणालाही दुसरीकडे नेता आला नाही. मालक कुठला होता याचा इथे संबंध नाही. अख्खं जाळं एकाच मालकाच्या हाती होतं, हे खरं दुखणं.

मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाची रचना वेगळी आहे. कोड खुला, सर्व्हर अनेक. कुणीही संस्था आपला सर्व्हर चालवू शकते आणि तिथला माणूस इतर सर्व्हरवरच्यांशी बोलू शकतो. एखादा सर्व्हर पटेनासा झाला तर दुसरीकडे खातं काढायचं, जुन्या खात्यात नवा पत्ता भरायचा, की अनुयायी नव्या खात्याकडे वळतात. जुन्या पोस्ट मागे राहतात, ही उणीव आहेच. पण माणसं हातची जात नाहीत.

याच्याही पुढे जाऊन आमच्याच, म्हणजे खुल्या जाळ्यांच्या बाजूचे लोक म्हणतात की विकेंद्रित जाळ्यापुढे सरकारी बंदीही चालत नाही. त्यांनी झिरकपूरकडे पाहावं. हे शहर चंडीगडला खेटून, पण पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात. १८ मार्च २०२३ला खलिस्तानवादी अमृतपाल सिंगचा पोलीस शोध सुरू झाला आणि पंजाबभर मोबाइल इंटरनेट बंद झालं. हद्दीपलीकडच्या चंडीगडला तो आदेश लागू नव्हता. ब्रॉडबँडही चालू होतं. म्हणजे फ्लॅटमध्ये वायफाय असलेल्यांचं फार अडलं नाही. अडलं ते ज्यांची रोजी मोबाइल डेटावर चालते त्यांचं, सामान पोचवणाऱ्यांचं आणि टॅक्सीवाल्यांचं. अशा वेळी सर्व्हर शंभर असले काय आणि एक असला काय? तिथवर जायची वाटच बंद.

ही वाट बंद झाली तरी ब्रायरसारखं खुलं अ‍ॅप इंटरनेटविना, ब्लूटूथवरून जवळच्या फोनला संदेश देतं. समोरासमोर बसून एकमेकांचा क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. पण मे २०२३ मध्ये केंद्राने जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवाद्यांच्या वापराचं कारण देऊन १४ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात ब्रायर होतं आणि खुल्या कोडचं एलिमेंटही. खुला कोड मालकाच्या मर्जीतून सोडवतो, सरकारच्या नाही. ती लढाई न्यायालयात आणि संसदेतच लढावी लागेल.

मग सामान्य माणसाने काय करावं? ‘मॅस्टोडॉनवर या’ एवढं सांगणं मला आता पुरेसं वाटत नाही. सगळा गोतावळा व्हॉट्सअ‍ॅपवर असताना एकट्याने उठून कुठे जायचं? पण अशीच कोंडी आपण एकदा फोडलेली आहे. पूर्वी मोबाइल कंपनी बदलली की नंबर जायचा, म्हणून लोक वाईट सेवा निमूट सोसत. २५ नोव्हेंबर २०१०ला हरियाणात नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय सुरू झाली आणि जानेवारी २०११ मध्ये देशभर. त्यासाठी ग्राहकाला दूरसंचाराचं तंत्र शिकावं लागलं नाही. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने नियम केला, कंपन्यांना तो पाळावा लागला. युरोपीय संघानेही डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टने व्हॉट्सअ‍ॅपला इतर सेवांसाठी दार उघडायला लावलं आहे. आपल्याकडे असा कायदा नाही, आणि देशी-विदेशीच्या गदारोळात त्याची मागणीही फारशी ऐकू येत नाही.

तोवर, आपली माणसं ग्रुपवरच जोडून ठेवणाऱ्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांना माझं सांगणं आहे: सभासदांची यादी एखाद्या ग्रुपच्या भरवशावर सोडू नका, स्वतःजवळ ठेवा. स्वतःचं डोमेन घ्या, जमेल त्यांनी सर्व्हरही उभारा. आणि नंबर सोबत नेता येतो तशी आपली माणसंही सोबत नेता यावीत, असा कायदा आपल्या खासदाराकडे मागा.