हात दिल्यावर

सणासुदीला आपला हात सहज सैल होतो. संकटातल्या माणसाला हात द्यावा, याबद्दल कोणाचे दुमत नाही. पण दिलेला हात केव्हा सोडावा, हे फारसे कोणी सांगत नाही. डोक्यात पाणी साचणाऱ्या तान्ह्या बाळांवरील उपचारांविषयी वाचताना हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला.

मेंदूच्या पोकळ्यांत एक द्रव सतत पाझरतो व पुढे रक्तात शोषला जातो. ती वाट अडली की द्रव तुंबतो, डोके वाढते, मेंदू दडपला जातो. त्यावरचा रुळलेला उपाय म्हणजे शंट. कातडीखालून बहुधा पोटात नेलेली ही झडपेची बारीक नळी प्राण वाचवते खरी; पण ती तुंबते, सरकते. मग तो भाग बदलावा लागतो. जंतूंची बाधा झाली तर बहुधा सारी नळी काढून, द्रव काही दिवस बाहेर सोडून, औषधांनंतर नवी बसवावी लागते. मुलाचे आणि इस्पितळाचे नाते असे बहुधा जन्माचे होते.

१९६० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीने बाबागाडीला धडक दिली आणि लेखक रोआल्ड डाल यांच्या चार महिन्यांच्या थिओवर हा प्रसंग आला. त्याची नळी पुन्हा पुन्हा तुंबे. बापाने स्टॅन्ली वेड हे यंत्रज्ञ आणि केनेथ टिल हे शल्यविशारद यांच्या साहाय्याने १९६२ मध्ये नवी झडप सिद्ध केली. तोवर थिओला तिची गरज उरली नव्हती. ती इतरांच्या लेकरांच्या कामी आली, आणि तिघांनी तिच्यावर नफा घेतला नाही.

पण इस्पितळच दोन दिवसांच्या वाटेवर असेल तर? युगांडात, म्बाले येथे, बेंजामिन वॉर्फ यांच्यापुढे हाच पेच होता. त्यांनी दुर्बिणीने मेंदूतल्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून द्रवाला वाट दिली आणि द्रव निर्माण करणारा पडदाही जाळला. हे छिद्रही कधी बुजते. मग नळी आलीच. २०१७ साली तिथल्याच १०० बाळांवरील तुलनेचा निष्कर्ष आला: वर्षाअखेर बुद्धीच्या वाढीत दोन्ही उपायांत लक्षणीय फरक नव्हता.

तराजू असा समतोल राहिला, तर पारडे कशाने झुकावे? मला वाटते, बाळ कोणत्या घरी परत जाणार आहे, याने. मध्यरात्री ते उलट्या करू लागले, गुंगू लागले, तर त्या आईला कोणाचे दार ठोठावता येईल?

म्हणून दुर्गम गावच्या बाळाला नळी नाकारावी, असे मी मुळीच म्हणत नाही. मरू देण्याला विवेक म्हणता येत नाही. मात्र ती बसवणाऱ्याने परतीची वाटही तिच्याबरोबर द्यावी: धोक्याच्या खुणा आईला समजावलेल्या, जवळचा डॉक्टर सावध केलेला, प्रवासखर्चाची सोय लावलेली. एवढे केल्यावाचून हात सोडण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मला वाटत नाही.