नागरिकत्व आणि प्रतीक्षा

मनुष्य एखाद्या देशाचा केव्हा होतो? सरकारी कागदावर शिक्का पडतो तेव्हा, की तेथील लोक त्यास आपला म्हणू लागतात तेव्हा? आणि तो शिक्का पडण्यास वर्षांमागून वर्षे लागत असतील, तर त्या वाट पाहण्याकडे ख्रिस्ती मनुष्याने कोणत्या दृष्टीने पाहावे? हा वकिलांचा विषय आहे, खेड्यातील मंडळीस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु उताऱ्यावर नाव चढविण्यासाठी किंवा एखाद्या दाखल्यासाठी ज्याने तहसील कचेरीचा उंबरठा झिजविला आहे, त्यास हा प्रश्न परका वाटणार नाही, असा आम्हांस भरवसा आहे.

1947 च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून निघालेले सुमारे एक लाख लोक कल्याणजवळील लष्करी छावणीत येऊन राहिले. तीच छावणी 1949 पासून उल्हासनगर या नावाने ओळखली जाते. जे 19 जुलै 1948 पूर्वी आले, त्यांस राज्यघटनेने सहज नागरिक मानले. जे त्यानंतर आले, त्यांस अर्ज करून नाव नोंदवावे लागले. परंतु येणाऱ्यांचा ओघ तेथेच थांबला नाही. पुढील काळात पाकिस्तानातून पारपत्र घेऊन आलेली कित्येक कुटुंबे आपल्या महाराष्ट्रात राहिली. 1955 च्या कायद्याप्रमाणे आज अशा परक्यास सामान्यतः 12 वर्षांचा निवास दाखवावा लागतो. आणि निवास पुरा झाला म्हणजे कागद हाती आला, असे नव्हे. तोवर त्यास मत नाही, सरकारी नोकरी नाही. 2016 साली नागपूर, मुंबई, पुणे व ठाणे येथील जिल्हाधिकाऱ्यांस अशा काही अर्जांवर निर्णय देण्याचा अधिकार मिळाला, तो हा विलंब कमी व्हावा म्हणूनच. या लोकांपैकी कित्येकांस शेजाऱ्यांनी केव्हाच आपले मानले होते. कागद मात्र मागे राहिला होता.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. आपल्या कुलाब्याच्या, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्याच्या, किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालविणारे आणि शब्बाथ पाळणारे बेने इस्राएल लोक राहत. शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. 1948 साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर ते मोठ्या आशेने तिकडे जाऊ लागले. 1950 च्या कायद्याने प्रत्येक यहूद्यास तेथे येऊन राहण्याचा अधिकार दिला होता, म्हणून कागदासाठी त्यांस फार थांबावे लागले नाही. तरी काहींस तेथे इतके परकेपण वाटले, की त्यांनी धरणे धरून परत भारतात धाडण्याची मागणी केली, व 1952 साली काही जण परतही आले. पुढे 1962 साली तेथील मुख्य धर्माधिकाऱ्यांनी असे ठरविले, की बेने इस्राएलांचा विवाह इतर यहूद्यांशी लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. 1964 साली या लोकांनी यरुशलेमात पुनः धरणे धरले. आणि त्याच वर्षी इस्राएलच्या संसदेत, ते सर्व बाबतींत यहूदीच आहेत, असे जाहीर झाले. येथे कागद हाती होता, परंतु भाऊबंदांची मने मागे राहिली होती.

या दोन उदाहरणांवरून असे दिसते, की कागद व अंगीकार यांपैकी एकटे कोणतेही पुरे नाही. मग या दोहोंच्या मुळाशी काय आहे? आमच्या मते त्याचे उत्तर आपल्याच नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे मिळते. दुष्काळाने पोटापाण्यास बाहेर गेलेली कित्येक कुटुंबे तेथे पुनः येऊन राहिली. 1989 नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या पुढारीपणात त्या गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी व श्रमदान ही पाच सूत्रे पत्करली. गावचा म्हणविणाऱ्याने आपली गुरे डोंगरावर मोकळी सोडावयाची नाहीत आणि बांध घालण्यास आपले हात द्यावयाचे. म्हणजे गावकीचे ओझे जो वाहतो तो गावचा. कागद हा त्या नात्याची पोच आहे. कागदाने नाते उत्पन्न होत नाही. परंतु ज्याने ओझे वाहिले त्याची पोच अडवून ठेवणे हा अन्याय आहे.

येथेच नीतीचा खरा प्रश्न उभा राहतो. वाट पाहणाऱ्यास आपण उपदेशक लोक फार लवकर सांगतो, की धीर धरा, सर्व काही प्रभूच्या हाती आहे. धीर हा सद्‍गुण खराच. परंतु देवाचा विलंब एक आणि कारकुनाचा विलंब दुसरा. देव थांबवितो ते आपल्या हितासाठी. मेजावर अर्ज पडून राहतो तो आळसाने, उपेक्षेने किंवा लाचेच्या आशेने. या दुसऱ्या विलंबास देवाची इच्छा म्हणणे म्हणजे मनुष्याचे पाप देवाच्या माथी मारणे होय. मोशेच्या नियमशास्त्रात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे, मग तो मजूर स्वजातीय असो की उपरा. जो देशात राबतो, कायदा पाळतो व कर भरतो, त्याच्या हक्काची गोष्ट बारा वर्षांचे सूर्य मावळले तरी न देणे, हे त्या मजुरी अडविण्याहून फार निराळे आहे काय?

पौलाकडे पाहा. तो जन्माने रोमी नागरिक होता. ज्या सरदाराने त्यास धरिले त्याने तोच हक्क पुष्कळ पैसा देऊन मिळविला होता. तरी फेलिक्स सुभेदाराने त्यास दोन वर्षे बंदीत ठेविले, कारण त्यास पौलाकडून पैशाची आशा होती. पौलाने पैसा दिला नाही आणि तो मुकाट्यानेही बसला नाही; वेळ येताच त्याने कैसराजवळ दाद मागितली. तसेच त्या विधवेचे. अन्यायी न्यायाधीशाकडे ती पुनःपुनः गेली, आणि प्रभूने तिला हट्टी न म्हणता प्रार्थनेचा कित्ता म्हणून आपल्यापुढे ठेविले. ख्रिस्ती धीर लाच देत नाही, तसा तोंडही मिटून घेत नाही.

कोणी म्हणेल, परक्यास पारखून घेणे हे सरकारचे कर्तव्य नव्हे काय? होय, निश्चित आहे. परंतु पारख व उपेक्षा यांत भेद आहे. पारखणारा प्रश्न विचारतो, उत्तर ऐकतो व निर्णय देतो. उपेक्षा करणारा प्रश्नच विचारीत नाही. तो केवळ उद्या या म्हणतो.

आणखी एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. 2019 च्या दुरुस्तीने पाकिस्तान, अफगाणिस्तान व बांगलादेश येथून 2014 अखेर आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांस निवासाची मुदत पाच वर्षांवर आणली. तिचे नियम मार्च 2024 मध्ये निघाले. आपले नाव त्या यादीत आहे, मुसलमानांचे नाही. आपल्या बांधवांची सोय झाली याबद्दल देवाचे आभार मानावे. परंतु शोमरोनी मनुष्याचा दाखला ऐकलेल्या आपण यादीबाहेरील शेजाऱ्याचे दुःख विसरू नये. हिवरे बाजारात मुसलमानाचे घर एकच, तरी गावाने त्या एका घरासाठी मशीद उभारली, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

आता आपल्या मंडळ्यांकडे वळू. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नाव चढले, परंतु जुन्या घराण्यांनी पंगतीस बोलाविले नाही, सोयरीक केली नाही, पंचमंडळीत घेतले नाही, असे नवीन कुटुंब आपल्या गावी आहे काय? असल्यास बेने इस्राएलांस जे दुःख यरुशलेमात झाले, ते आपण आपल्याच उपासनामंदिरात उत्पन्न करीत आहोत. उपदेशक बंधूंनी अशा घरी प्रथम जावे. तसेच ज्यास लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून द्यावा, पोच जपून ठेवण्यास शिकवावे, व कचेरीत त्याच्याबरोबर जाऊन उभे राहावे. हीही उपासनाच होय.

आपण सर्व स्वर्गीय नगरीचे नागरिक आहोत असे पौल शिकवितो. तेथील प्रवेशासाठी वधस्तंभावरील त्या चोरास किती थांबावे लागले? त्याने मागितले, आणि त्याच दिवसाचे वचन त्यास मिळाले. ज्यांस आपल्या प्रभूने दाराबाहेर ताटकळत ठेविले नाही, त्यांनी दुसऱ्या कोणास आपल्या दाराशी ताटकळत ठेवू नये.