ठेव परत देण्याचा धर्म

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये ‘डिजिटल बँकिंग युनिट’ची नियमावली काढली. तीत एक अट स्पष्ट आहे: पैसे भरणं आणि काढणं यंत्रातूनच होईल, काउंटरवर रोकड घेतली किंवा दिली जाणार नाही. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला ७५ जिल्ह्यांत अशी ७५ युनिटं सुरू झाली. शाखा आहे पण कॅशियर नाही, ही कल्पना त्या दिवशी कागदावरून प्रत्यक्षात आली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांत जागेचं भाडं भारी, तिथे तर तिचा मोह कुठल्याही बँकेला पडावा. या बदलाविषयी बोलताना आपण सोय आणि खर्च यांपलीकडे जात नाही. माझ्या मते हा प्रश्न आधी धर्माचा आहे. ज्याने दुसऱ्याचा पैसा सांभाळायला घेतला, त्याने तो परत देताना किती पावलं चालायची आणि मागणाऱ्याने किती?

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी याचा पुष्कळ विचार केला आहे. मनुस्मृतीने वादाचे अठरा विषय मोजले, त्यांत कर्जाच्या लगोलग दुसरा क्रमांक निक्षेपाचा, म्हणजे ठेवीचा. (त्या ग्रंथातल्या विषमतेचं काय करायचं ते १९२७ साली महाडला दाखवून दिलं गेलं आणि ते योग्यच झालं; इथे घ्यायचा तो एवढा एक विचार.) याज्ञवल्क्याने मोहरबंद ठेवीचे नियम सांगितले, कौटिल्याने तिच्यावर प्रकरण लिहिलं. सगळ्यांचा कल एकच: जशी सोपवली तशी परत द्यावी, आणि मागणाऱ्याला टोलवणारा दंडाला पात्र. यावर कायद्याचा जाणकार म्हणेल की बँकेतला पैसा मुळी निक्षेप नव्हेच. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८४८ मध्येच ठरवून टाकलं की बँक ही खातेदाराची ऋणको आहे. पैसा तिचा होतो, ती फक्त तेवढी रक्कम देणं लागते. हे मान्य. पण त्याने बँकेची जबाबदारी हलकी होत नाही. ऋणको म्हटलं तर देणं फेडायला धनकोपर्यंत पोचण्याचं ओझं, नीतीने तरी, ऋणकोवरच येतं. बँक सांभाळणारी असो की देणेकरी, जास्तीची पावलं तिनेच टाकायची आहेत.

काउंटर काढल्यावर नेमकं काय बदलतं, ते जवळून पाहिलं पाहिजे. चार घरची धुणीभांडी करणारी बाई पगाराचे पैसे भरायला येते. नोटा घडी पडलेल्या, एखादी कोपऱ्यात फाटलेली, मध्ये दहा-वीसच्याही. कॅशियर त्या सुलट करतो, यंत्रातून मोजतो, आकडा मोठ्याने सांगतो, स्लिपवर शिक्का मारतो. सही येत नसेल तर अंगठा चालतो. पैसे भरायचं यंत्र मळकी नोट बाहेर टाकतं, दहा-वीसच्या तर बहुतेक यंत्रं घेतच नाहीत. पडद्यावरचा मजकूर वाचता आला नाही की ती मागे उभ्या असलेल्याला विचारते, आणि पैसे काढायची वेळ आली की कार्डाबरोबर पिनही त्याच्या हवाली करते. म्हणजे कॅशियर गेला तरी विश्वास ठेवण्याची गरज गेली नाही. कॅशियर चुकला तर त्याला जाब विचारता येतो. मागच्या माणसावर कसलंच बंधन नाही. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. बँकेने आपली जोखीम कमी केली ती सगळ्यांत दुबळ्या खातेदाराच्या पदरात टाकून.

काउंटर असूनही लोक बुडतात, हा आक्षेप या उपनगरांत तरी कुणी हसण्यावारी नेऊ शकणार नाही. भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोरीतून १२२ कोटींची रोकड नाहीशी झाल्याची तक्रार पोलिसांत गेली. तेव्हा रोकड म्हणजे प्रामाणिकपणा, असं मी म्हणत नाही. काउंटर घोटाळा थांबवत नाही. पण या दोन्ही वेळी माणसं आधी कुठे धावली? शाखेच्या दारात. तिथे उत्तर द्यायला कुणीतरी हाडामांसाचं माणूस होतं, उत्तर अपुरं असलं तरी. देणेकऱ्याने समोर उभं राहणं हाही देण्याचाच भाग आहे.

उरतो तो सर्वांत सभ्य आक्षेप: काळ बदलतो, २०१६ मध्ये आलेलं यूपीआय आज भाजीवालीकडेही आहे, बाकीचेही शिकतील. शिकावंच. पण स्वतः रोकड सोडणं आणि दुसऱ्याला सोडायला लावणं यांत अंतर आहे. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा विसरला जातो. परंपरा सांगते की त्यांनी आधी खतांचे दोन वाटे केले, धाकट्या भावाचा, कान्होबाचा वाटा त्याला दिला आणि आपला तेवढाच बुडवला. आपल्या हक्कावर पाणी सोडायला ते मोकळे होते, भावाच्या हक्कावर नव्हते. एवढा मोठा विरक्त माणूस दुसऱ्याच्या वतीने त्याग करत नाही, तर नफ्यातोट्याचा हिशेब मांडणाऱ्या संस्थेने तो का करावा?

रिझर्व्ह बँकेला हे कळत नाही असं नाही. सत्तरीपुढच्या आणि अपंग खातेदारांना घरपोच सेवा द्या, असं तिने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितलं. एटीएममध्ये शंभर-दोनशेच्या नोटा मिळाव्यात म्हणून २०२५ मध्ये तिला पुन्हा आदेश काढावा लागला, कारण आपणहून बँका तेवढंही चालल्या नाहीत. रोकड जवळजवळ हद्दपार केलेल्या स्वीडनलासुद्धा कायदा करून १ जानेवारी २०२१ पासून मोठ्या बँकांवर रोकड सेवेची जबाबदारी टाकावी लागली. आपल्याकडे मागणी याहून लहान आहे. नवी शाखा यंत्रांची असू दे. पण पेन्शनच्या आठवड्यात आणि रोज सकाळचे दोन तास तिथे एक खिडकी उघडी असावी, खिडकीत कॅशियर असावा, आणि ही अट शाखेच्या परवान्यातच लिहिलेली असावी.