अनंत म्हणजे सर्व नव्हे

लुई ओग्युस्त ब्लांकी या फ्रेंच क्रांतिकारकाला सरकारने पकडले ते १७ मार्च १८७१ रोजी, पॅरिसमध्ये उठाव होण्याच्या आदल्या दिवशी. ज्या क्रांतीची त्याने जन्मभर वाट पाहिली ती झाली, पॅरिस कम्यून उभे राहिले आणि दोन-अडीच महिन्यांत चिरडलेही गेले. तो मात्र गजाआडच होता. पुढे त्याला ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उभ्या असलेल्या तोरो किल्ल्यात हलवण्यात आले. तिथे साठी उलटलेल्या या कैद्याने ताऱ्यांवर पुस्तक लिहिले. १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या छोट्या पुस्तकाचे म्हणणे असे : मूलद्रव्ये मोजकी आहेत, त्यांच्या जुळण्या कितीही असल्या तरी त्यांना अंत आहे, अवकाशाला मात्र अंत नाही. तेव्हा निसर्गाला त्याच जुळण्या पुन्हा पुन्हा वापरणे भाग आहे. कुठेतरी हुबेहूब अशीच पृथ्वी आहे, असाच किल्ला आहे, त्यात असाच कैदी हेच वाक्य लिहितो आहे. आणि जे इथे आपल्याला होता आले नाही, ते आपण आणखी कुठेतरी झालेलो आहोत.

तुरुंगातल्या एकाकी माणसाचे स्वप्न म्हणून हे सोडून देता येत नाही. १९७९ साली जॉर्ज एलिस आणि जी. बी. ब्रंड्रिट यांनी हाच प्रश्न आधुनिक विश्वशास्त्राच्या भाषेत मांडला. २००३ साली मॅक्स टेगमार्क यांनी तर अंतराचा ढोबळ अंदाजच दिला. तुमची हुबेहूब प्रत ज्या अंतरावर सापडावी, ते मीटरमध्ये लिहायचे तर एकावर शून्ये द्यावी लागतील, आणि त्या शून्यांची संख्याच १० चा २८ वा घात इतकी असेल. दर सेकंदाला एक शून्य लिहीत बसलो, तर केवळ तो आकडा लिहून व्हायला विश्वाच्या आजच्या वयाच्या दोन हजार कोटींहून अधिक पट वेळ लागेल. पण अनंतापुढे हे अंतरही क्षुल्लकच. म्हणून पुष्कळ जण निष्कर्ष काढतात की विश्व अनंत असेल, तर जे जे शक्य ते ते कुठे ना कुठे घडलेच पाहिजे.

मला हा निष्कर्ष मान्य नाही. तो धाडसी आहे म्हणून नव्हे, तर त्यात ‘अनंत’ या एकाच गोष्टीवर तिला न पेलणारा भार टाकलेला आहे म्हणून.

पहिली गोष्ट, विश्व अनंत आहे हे कुणी मोजलेले नाही. प्लांक उपग्रहाच्या मोजमापांवरून अवकाशाची वक्रता शून्याच्या अगदी जवळ, साधारण ०.२ टक्क्यांच्या आत, असल्याचे दिसते. पण सपाट म्हणजे अनंत असे समीकरण नाही. सपाट अवकाशही स्वतःशीच जोडले जाऊन सान्त असू शकते. शिवाय आपल्याला दिसणारे विश्व सर्व दिशांना सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षांपर्यंतच आहे. त्यापलीकडचा प्रकाश अजून आपल्यापर्यंत पोहोचलेलाच नाही. एवढ्या तुकड्यावरून अनंत सिद्ध होणार नाही. ते गृहीतकच राहणार.

तरी ते गृहीत धरू. प्रदेश अनंत आणि जुळण्या सान्त, तर पुनरावृत्ती अटळ, इथवर ब्लांकीचे बरोबर आहे. पण पुनरावृत्ती कशाची? इथेच युक्तिवादाचा पाय घसरतो. निदान एक तरी जुळणी अनंत वेळा येईल, एवढीच यात हमी आहे. ती जुळणी तुमची-आमची असेल याची कसलीही हमी नाही. नुसत्या विरळ वायूची पुनरावृत्ती झाली तरी हिशेब पुरा होतो.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर देवळालीचे गणिताचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्याकडे जावे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, मोठीतून लहान वजा करा आणि येईल त्या उत्तरावर तेच करत राहा. ३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण ६१७४ वर येतो आणि तिथून हलत नाही. आता ही वजाबाकी अनंत काळ चालू ठेवा. पायऱ्या अनंत, संख्या सान्त, पुनरावृत्तीही अनंत. पण ती सगळी ६१७४ ची. ३५२४ ही संख्या होती, शक्य होती, प्रत्यक्ष येऊनही गेली. ती पुन्हा कधीही येणार नाही.

यावर कुणी म्हणेल, कापरेकरांची रीत ठरीव आहे, विश्वात यदृच्छेला जागा आहे. मग यदृच्छेचेच उदाहरण घेऊ. जॉर्ज पोल्या यांनी १९२१ साली सिद्ध केले की चौकटींच्या सपाट जाळ्यावर दिशाहीन भटकणारा जीव कधी ना कधी निघाल्या जागी परततोच. तसे होण्याची संभाव्यता पुरी एक आहे. पण लांबी-रुंदीला उंचीची जोड मिळून जाळे त्रिमितीय झाले, की अनंत काळ भटकूनही परतण्याची संभाव्यता सुमारे ३४ टक्केच उरते. वेळ तितकाच अनंत, भटकणे तितकेच मोकळे. पण भटकायला जागा वाढली की घर कायमचे हरवू शकते.

म्हणजे ‘सगळे घडते’ म्हणायचे तर अनंताच्या जोडीला आणखी बरेच मान्य करावे लागते : सर्वत्र नियम तेच असणे, प्रत्येक प्रदेशाची सुरुवात दुसऱ्याशी संबंध न ठेवता यदृच्छेने झालेली असणे, आणि हव्या त्या घटनेची संभाव्यता, कितीही लहान असो, सगळीकडे एका ठरावीक मर्यादेच्या वर असणे. हे सारे मान्य केले तरी गणित ‘घडण्याची संभाव्यता एक’ एवढेच म्हणते. ‘घडलेच पाहिजे’ असे तेही म्हणत नाही. आणि ‘शक्य’ म्हणजे मनात येईल ते नव्हे. पत्त्यांचा जोड अनंत वेळा पिसला तरी त्यातून त्रेपन्नावे पान निघत नाही. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मोडणारी घटना कितीही दूर गेलो तरी सापडणार नाही.

एवढा काथ्याकूट कशासाठी? कारण या कल्पनेतून दोन गोष्टी माणसाच्या मनात शिरतात, आणि दोन्ही मला घातक वाटतात. एक म्हणजे सांत्वन : इथे गमावले ते कुठेतरी मिळालेच असेल. दुसरी म्हणजे हताशा : मी चांगले वागलो तरी कुठेतरी ‘मी’ वाईट वागणारच, मग फरक काय पडतो?

२०२५ च्या मे महिन्यात आपल्यातून गेलेल्या जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाच्या एका प्राध्यापकाला अशा जगात नेले, जिथे विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि मराठे पानिपत जिंकतात. त्यांनी आधार घेतला तो पुंजभौतिकीचा, अनंत अवकाशाचा नव्हे. पण आपल्या मनातली तहान तीच आहे. त्या कथेत प्राध्यापकांना परत याच जगात यावे लागते, आणि ते योग्यच आहे. कारण १४ जानेवारी १७६१ रोजी इथे गोळी लागली. त्या दिवशी जे पडले, त्यांच्या घरच्यांना दुसऱ्या कुठल्या पृथ्वीवरच्या विजयाने कोणी परत मिळाले नाही.

हताशेलाही आधार नाही. जी प्रत माझ्यासारखी तंतोतंत आहे, ती माझ्यासारखाच निर्णय घेईल. तिच्या वागण्याने माझे वागणे खोटे ठरत नाही. जी वेगळा निर्णय घेते, ती त्या क्षणापासून दुसरी व्यक्ती आहे. तिचा गुन्हा माझा नाही आणि तिचे पुण्यही माझे नाही. मी इथे बुडणाऱ्याला हात दिला तर इथला एक माणूस वाचतो. दूरवरच्या कोट्यवधी प्रती त्यात भर घालू शकत नाहीत आणि घटही करू शकत नाहीत.

विश्व अनंत आहे की नाही, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांनी जरूर शोधत राहावा. पण त्याचे उत्तर काहीही आले तरी, आपल्या वाट्याचे काम कुठेतरी आपोआप होणारच आहे असे अनंतात कुठेही लिहिलेले नाही. वाचकहो, जे व्हावे असे वाटते ते इथेच आणि आपल्यालाच करावे लागेल.