मडक्यावर नाव कुणाचे?

घाटंजी असो की यवतमाळ, कुंभाराशिवाय आपले वर्ष पुढे सरकत नाही. संक्रांतीला सुगडं, अक्षय तृतीयेला पितरांची घागर, पोळ्याला मातीचे बैल, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई-भुलोजी, नवरात्रात घट आणि आता दिवाळीच्या पणत्या. माणूस गेला की पुढे चालणारे मडकेही कुंभाराच्याच चाकावरचे. इतक्या वस्तू घरात येतात, पण एकीवरही करणाऱ्याचे नाव नसते. प्लास्टिक आले, फ्रीज आला, स्लॅबची घरे झाली आणि कवेलूंचे काम गेले. कुंभारकाम मोडण्याची ही कारणे आपण नेहमी सांगतो आणि ती खरीच आहेत. तरी मला वाटते, निनावीपणाने हा धंदा त्याच्या कितीतरी आधी पोखरला. ज्याला नाव नाही त्याच्या हाताला भाव कुठून येणार?

माठ कसा होतो ते एकदा जवळून पाहावे. कपाशीची काळी माती वाळताना तडकते, म्हणून तळ्या-नाल्याची चिकण माती शोधून आणायची, चाळायची, तिच्यात लीद आणि राख कालवून ती तुडवायची. चाकावर तयार होते ते जाड बुडाचे, बुटके भांडे. खरा माठ घडतो त्यानंतर. भांडे अर्धवट सुकले की कुंभार आतून दगडी गुंडा धरतो, बाहेरून लाकडी थापीने ठोकतो, चिकटू नये म्हणून मध्येच राख भुरभुरतो. ठोक्या-ठोक्याने माठ फुगत जातो आणि त्याची भिंत पातळ होते. पाणी पाझरून गार व्हावे, पण माठ उचलताना फुटू नये, इतकीच ती जाडी हवी. मोजायला पट्टी नसते. आतल्या हाताला कळते तेवढेच. आपण मात्र हा माठ बोटाने वाजवून पाहतो आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करतो.

मडक्यावर नाव आले की काय होते, याचे उदाहरण दूरचे आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात पुएब्लो या आदिवासी गावांमध्ये चाकाशिवाय मडकी होतात. मातीच्या वळ्या एकीवर एक चढवायच्या, भिंत खरवडून सारखी करायची, गुळगुळीत दगडाने घोटायची आणि उघड्यावर भाजायची. त्यांतल्या सान इल्देफोन्सो गावची मारिया मार्टिनेझ (1887–1980) जगभर ओळखली गेली. पुरातत्त्वज्ञ एडगर ली ह्यूएट यांनी जवळच्या उत्खननातली जुनी खापरे तिला दाखवली आणि तशी भांडी करून मागितली. ती मडकी घडवी, नवरा ज्युलियन त्यांवर नक्षी काढी. भाजताना ऐन वेळी शेणाच्या भुकटीने जाळ कोंडला की भांडे काळेभोर निघते. 1919च्या सुमारास दोघांनी चकचकीत काळ्यावर मंद काळी नक्षी साधली. पुढे बुडाशी नावे येऊ लागली. आधी तिचे, मग दोघांचे, नंतर तिच्यासोबत सून संतानाचे, त्यानंतर मुलगा पोपोवी दा याचे. मडके उलटे केले की कोणत्या काळात घरातले कोणते हात त्यावर फिरले ते वाचता येते. शेजारणींच्या मडक्यांनाही भाव मिळावा म्हणून मारिया त्यांवर आपले नाव घाली. संग्राहकांना हे गैर वाटले असेल. मला त्यात गावाची रीत दिसते.

जाळ कोंडून काळे करण्याची विद्या आपल्याला परकी नाही. नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी 1968-69 मध्ये टाकळघाट-खापा आणि त्यानंतर माहुरझरी इथे उत्खनन केले. तिथल्या लोहयुगीन शिळावर्तुळांत आतून काळी, बाहेरून तांबडी मडकी निघाली. भांडे पालथे घालून भाजले की आत हवा पोहोचत नाही आणि तो भाग काळा राहतो, असे अभ्यासक मानतात. विदर्भाच्या मातीत ही करामत अडीच हजार वर्षांपूर्वीपासून आहे. तरी मराठी माणसाला कुंभाराचे एकच नाव चटकन आठवते, तेरचे गोरोबाकाका. तेही त्यांच्या अभंगांमुळे आणि भक्तीमुळे.

2023मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभार आहे. अवजारांसाठी पंधरा हजार, शिवाय पाच टक्क्यांनी कर्ज. हे हवेच होते. पण कर्जाने चाक विजेवर फिरेल. त्या चाकावरच्या मालाला गिऱ्हाईक येईल ते ओळखीने, नावाने. आणि नाव लिहायचे तर एकट्या पुरुषाचे नको. माती मळणारी, घोटणारी, भुलाबाई रंगवणारी, डोक्यावर पाटी घेऊन विकणारी बाई त्याच घरातली असते. ज्युलियनसोबत मारिया, तशी आपल्याकडे दोघांची नावे हवीत.

विद्यापीठांना माझी विनंती आहे. माहुरझरीची खापरे कपाटातून काढून एकदा विदर्भातल्या कुंभारांच्या हाती द्या. ती कशी भाजली असतील, हे त्यांना विचारा आणि सांगणाऱ्याचे नाव शोधनिबंधात छापा. वाचकांनो, या दिवाळीत पणत्या घेताना भाव करू नका. त्या कुणी केल्या ते विचारा, पुढच्या वेळी नाव घेऊन त्याच घरी जा आणि माठ घ्याल तेव्हा बुडाशी दोघांची नावे कोरून मागा.